दोरावरचा इनसिक्युरिटी

तारीख ४, सोमवार

ही वही बायकोच्या सांगण्यावरून आणली. ती फोनवर म्हणाली, "मला फोन करायच्या आधी जे काय डोक्यात असेल ते कागदावर लिहा. लिहून झाल्यावरही भांडावंसं वाटलं तर करा." मी म्हटलं, मी सातवीत शाळा सोडली, मला कुठलं लिहिता येतंय. तर म्हणाली, "भांडता येतं ना? मग लिहिताही येईल."

झालं असं की काल तिचा फोन लागत नव्हता. कॉम्प्युटरच्या क्लासला गेली होती म्हणे. मी परत परत लावत राहिलो. शेवटी तिनं उचलला तेव्हा मी आधी विचारलं, मागे कोण बोलतंय? मागे तिची आई बोलत होती. म्हणजे माझी सासू. तिनंही ते ऐकलं. मग बायको म्हणाली, "तू फार इनसिक्युअर आहेस." राग आला की ती मला तू म्हणते, एरवी अहो.

हा शब्द मला नीट माहीत नाही. शिवी नसावी. शिवी असती तर तिनं सासूसमोर दिली नसती.

तारीख ५, मंगळवार

आज आचाऱ्याला विचारलं, इनसिक्युअर म्हणजे काय. कंपनीच्या खोल्यांवर तोच सगळ्यांत जास्त टीव्ही बघतो. म्हणाला, "नोकरी राहील का जाईल, रोज सकाळी उठून वाटतं ना, ते. असुरक्षितता." मी म्हटलं, पण माझ्या बायकोनं मला म्हटलंय, माझी नोकरी तर पक्की आहे. तो म्हणाला, "मग तुझं दुसरं काहीतरी कच्चं असेल," आणि कांदा चिरायला लागला.

नोकरीचं लिहून ठेवतो. आम्ही उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसतो. गच्चीवरच्या लोखंडी कडीला दोर बांधायचा, कमरेला पट्टा, बुडाखाली फळी, बाजूला बादली, आणि वरून पुसत पुसत खाली यायचं. लोकांना वाटतं फार भीती वाटत असेल. मला दोरावर कधीच भीती वाटत नाही. पाय जमिनीला लागले की डोकं सुरू होतं.

आमच्यात एक पद्धत आहे. गाठ ज्याची त्यानं बांधायची, पण आपली गाठ आपण तपासायची नाही. ती जोडीदारानं हातात धरायची, जोर लावून ओढायची आणि म्हणायचं, "आहे." तो आहे म्हणाल्याशिवाय कोणी कठड्यापलीकडे पाय टाकत नाही. ही पद्धत कंपनीच्या कागदांत नाही, उस्तादांनी लावलेली आहे. ते म्हणतात, स्वतःची गाठ माणसाला चांगलीच दिसते, स्वतःच्या पोरासारखी.

उस्ताद माझे जोडीदार. आमच्यात सगळ्यांत जुने. मी इथं नवा आलो तेव्हा गच्चीच्या कठड्याला घट्ट धरून उभा होतो, बोटं सुटेनात. कोणी हसलं, कोणी व्हिडिओ काढला. उस्तादांनी माझी गाठ ओढली, "आहे" म्हणाले आणि माझ्याकडे न बघता स्वतः खाली उतरले. मग मीही उतरलो. तेव्हापासून त्यांच्या बाजूचा दोर माझा. घरी आई, इथं उस्ताद, असं मी धरून चालतो. बायकोचं अजून ठरायचंय.

तारीख ८, शुक्रवार

आज उस्ताद म्हणाले, "माझीही गाठ तूच बांध." मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते कडीपाशी नुसते उभे राहिले, हात काखेत घालून. मी बांधली. मग म्हणाले, "ओढूनही तूच बघ." म्हणजे बांधायचीही मी आणि आहे म्हणायचंही मीच. ही कसली पद्धत?

चहाच्या वेळी त्यांच्या हातून पेला सुटला. मी पुसलं. "आणखी आणतो" म्हटलं तर म्हणाले नको, आणि थोड्या वेळानं लंबूनं आणलेला चहा मात्र दोन्ही हातांनी धरून प्यायले. लंबू म्हणजे गेल्या महिन्यात दुसऱ्या कंपनीतून आलेला नवा माणूस. इतका उंच आहे की वरच्या कॉटवर झोपला तर पाय बाहेर लटकतात. आल्यापासून उस्तादांच्या मागेमागे असतो.

मी इतकी वर्षं चहा दिला तेव्हा कधी दोन हातांनी धरला नाही.

तारीख ११, सोमवार

आज काम अर्धा दिवस. सेफ्टीच्या मॅडम आल्या होत्या, सगळ्यांना खालच्या हॉलमध्ये बसवलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, असुरक्षितता. मी ताठ बसलो. म्हटलं आज कळणार.

मॅडम म्हणाल्या, असुरक्षित जागा, असुरक्षित सामान आणि असुरक्षित वागणं, एवढ्या तीन गोष्टी तपासायच्या. मी हात वर केला.

"मॅडम, माणूस असुरक्षित आहे म्हणजे काय?"

"म्हणजे त्यानं पट्टा लावलेला नाही."

"पट्टा लावलेला असून बायको तसं म्हणाली तर?"

हॉल हसायला लागला. मॅडमही हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "ती वेगळी. ती आतली असते. धोका असो नसो, माणसाला सारखं वाटत राहतं की आपलं काहीतरी कोणीतरी नेणार. ती मला तपासता येत नाही. माझ्याकडे फक्त दोर आणि पट्टे."

झालं. संध्याकाळपर्यंत माझं नाव पडलं. आचारी म्हणाला, "खाली गेटवर सिक्युरिटी, वर दोरावर इनसिक्युरिटी!" ताट वाढतानाही तेच. "घे रे इनसिक्युरिटी, तुझी पोळी कोणी नेत नाही."

मला एक विचारायचं होतं. खरंच कोणीतरी नेत असेल तर? तेव्हाही ती आतलीच का? पण मॅडम गाडीत बसून गेल्या.

तारीख १२, मंगळवार

बायकोला आतली-बाहेरची सांगितली. म्हणाली, "त्या मॅडमना माझा नमस्कार सांगा." भांडण नाही. लिहिण्यासारखं काही नाही.

तारीख १५, शुक्रवार

उस्तादांनाही विचारलं. जेवण झाल्यावर खोलीबाहेरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. म्हटलं, उस्ताद, तुम्हाला कधी वाटतं का असुरक्षित? दोरावर नाही, असंच.

ते आपल्या तळहातांकडे बघत बसले. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाले, "आपलं जे आहे ते आपल्याला न सांगता चाललंय असं वाटतं ना, ते असेल. थांबवता तर येत नाही. आणि सांगणार कोणाला?"

मला इतकं बरं वाटलं! अगदी माझ्या मनातलं बोलले. मला वाटलं काकूंबद्दल, म्हणजे त्यांच्या बायकोबद्दल बोलतायत. म्हटलं, "उस्ताद, या वयात काकू कुठं जाणार?" ते मोठ्यानं हसले. पार खोकला लागेपर्यंत हसले. पुष्कळ दिवसांनी आम्ही असे बसलो.

त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. मी म्हटलं, काय हे, लहान पोरासारखं. तर एकदम उठून आत गेले. एवढं राग येण्यासारखं काय होतं कोण जाणे.

तारीख १८, सोमवार

आज सुपरवायझरनं जोड्या वाचून दाखवल्या. माझी जोडी लंबूबरोबर. उस्ताद वर गच्चीवर थांबणार, दोरांवर लक्ष ठेवायला.

मी म्हटलं, चूक झाली असेल, माझी जोडी उस्तादांबरोबर आहे. सुपरवायझर म्हणाला, "उस्तादांनीच सांगितलंय."

उस्तादांनीच.

मी त्यांच्याकडे बघितलं तर ते दोराची वेटोळी मोजत होते. मी विचारलं, "माझं काही चुकलं का?" म्हणाले, "नाही रे." मग का? म्हणाले, "लंबूचा हात चांगला आहे. तुला शिकायला मिळेल." तुमचा हात काय वाईट आहे, मी म्हटलं. ते वेटोळी परत पहिल्यापासून मोजायला लागले.

लंबूनं माझी गाठ ओढली. "आहे," म्हणाला. मी त्याचं आहे ऐकून उतरलोच नाही. स्वतः परत ओढून बघितली. आमच्यात हा अपमान समजतात. लंबू फक्त म्हणाला, "बघ बाबा, हवी तेवढी बघ. मला काय घाई नाही."

दिवसभर एक अक्षर बोललो नाही त्याच्याशी. तो मात्र काच पुसता पुसता शीळ घालत होता.

तारीख २०, बुधवार

आज नक्की कळलं. अंघोळीहून येताना खोलीचं दार लोटलेलं होतं. आत उस्ताद आणि लंबू. उस्ताद हळू आवाजात बोलत होते, "त्याला मात्र कळता कामा नये." मी दार ढकललं. लंबू उस्तादांच्या अगदी जवळ, समोरासमोर, त्यांच्या गळ्याशी हात. मला बघून मागे सरला.

"काय कळता कामा नये?" मी विचारलं.

"तुझ्या वाढदिवसाला केक आणायचा आहे," लंबू म्हणाला.

"माझा वाढदिवस होऊन गेला."

"म्हणूनच कळता कामा नये."

उस्ताद हसले. दोघं मिळून मला हसले.

मी लिहिण्याआधीच बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. ती ऐकून घेते, तेवढं आहे तिचं. मग म्हणाली, "आधी मी, आता उस्ताद. तुम्हाला कोणी सोडून गेलं नाही तरी तुम्ही त्याला दारापर्यंत पोचवून येता." मी फोन ठेवला. पाठीमागे कोण होतं विचारायचं राहिलं.

तारीख २२, शुक्रवार

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवतो, कारण हे कामाचं आहे.

एक माणूस तापानं झोपून होता म्हणून उस्तादांना खाली उतरायला लागणार होतं. सुपरवायझर घाई करत होता. उस्तादांनी कडीपाशी बसून दोर बांधला. मी तेव्हा बादल्या भरत होतो, नीट दिसलं नाही. मग लंबू गेला तपासायला. त्यानं गाठ हातात धरली. आणि "आहे" म्हणाला नाही. इकडेतिकडे बघितलं, पटकन गाठ सोडली आणि परत बांधली. मग "आहे" म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. उस्ताद उतरले. पण दोन मजले उतरूनच थांबले आणि पाय दुखतो म्हणून वर आले.

आता विचार केला तर सरळ आहे. उस्तादांची गाठ चुकीची असू शकत नाही. सगळ्या कंपनीला गाठ त्यांनी शिकवली. म्हणजे चांगली बांधलेली गाठ लंबूनं सोडली आणि स्वतःची बांधली. पद्धत मोडली. उद्या उस्ताद पडले तर? हा कुठल्या कंपनीतून आला, तिथून का आला, कोणी विचारलंय का?

तारीख २३, शनिवार

आजही तोच विचार. उस्तादांना सांगावं तर ते त्याचीच बाजू घेतील. सुपरवायझर म्हणेल, तू तर इनसिक्युरिटी, तुझं काय ऐकायचं.

हे आतलं नाही. हे बाहेरचं आहे, डोळ्यांनी बघितलंय.

तारीख २५, सोमवार

मॅडमना सांगितलं. त्यांच्या ऑफिसात गेलो, बूट बाहेर काढून. म्हटलं, लंबू गाठींशी खेळतो, उस्तादांच्या जिवाला धोका आहे. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. माझं नाव कुठं घेणार नाही म्हणाल्या. उठताना म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. असंच सगळ्यांनी सांगितलं पाहिजे."

पुष्कळ दिवसांनी मला कोणी बरं केलंत म्हणालं. आता लंबूला दुसऱ्या इमारतीवर टाकतील. माझी जोडी परत उस्तादांबरोबर होईल. रुसलेत ते थोडे, पण एकदा दोराला दोर लागला की सगळं ठीक होईल. बायकोला फोन केला, क्लासचं विचारलं, छान बोललो. ती म्हणाली, "आज कोणता सण आहे?"

तारीख २६, मंगळवार

मॅडम सकाळीच गच्चीवर आल्या. मला वाटलं लंबूला बाजूला घेतील. त्या म्हणाल्या, "आज सगळ्यांनी माझ्यासमोर गाठ बांधायची. एकेकानं."

लंबूनं बांधली. मॅडमनी ओढून बघितली, फिरवून बघितली, म्हणाल्या, छान. मी बांधली. सगळ्यांनी बांधली. मग म्हणाल्या, "उस्ताद."

कोणीतरी हसून म्हणालं, "त्यांची काय बघता मॅडम, आम्हाला त्यांनीच शिकवलं." लंबू पुढं होऊन म्हणाला, "उस्ताद वरच असतात मॅडम, दोरावर नसतात ते. त्यांचं राहू द्या." मला तेव्हाही वाटलं, बघा, कसा मधेमधे करतोय.

मॅडम म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा.

उस्ताद कडीपाशी बसले. दोर घेतला. तो घसरून मांडीवर पडला. परत घेतला. त्यांची बोटं दोराभोवती फिरत होती पण धरत नव्हती. दोर हातात आहे का नाही हे त्यांना बघून कळत होतं. आपल्याला अंधारात कळतं तेवढंही त्यांना उजेडात कळत नव्हतं. त्यांनी वेढा घातला, टोक आत घालायला गेले, टोक भलतीकडूनच बाहेर आलं. ते सोडलं. परत घातला. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि गच्चीवर तर गार वारा. खालून गाड्यांचे आवाज येत होते.

मग ते म्हणाले, "राहू द्या, मॅडम."

मॅडमनी विचारलं, "कधीपासून?"

"झाले काही महिने."

मी बादलीत बघत होतो. बादलीत नुसता फेस होता. लंबूनं पुढं होऊन तो दोर उचलला आणि नीट गुंडाळून ठेवला, तो तिथं तसा पडलेला कोणाला दिसू नये म्हणून.

तारीख २७, बुधवार

मन लागत नाही. लिहीत नाही.

तारीख २८, गुरुवार

डॉक्टरकडे नेऊन आणलं उस्तादांना. हातातली जाणीव गेली आहे, परत येणं कठीण म्हणाले. कशानं गेली ते कोणी सांगत नाही. कोणी म्हणतं साखर असेल, कोणी म्हणतं बादलीतलं काच पुसायचं औषध. कंपनी म्हणते वर जायचं नाही, आणि खाली द्यायला काम नाही. शनिवारी घरी पाठवणार.

आज लंबू आणि मी दोरावर शेजारी होतो. अर्ध्या वाटेत तो पुसायचा थांबला.

"तुला खरंच कळलं नव्हतं?" त्यानं विचारलं. "रोज त्यांच्याबरोबर होतास ना तू?"

"काय कळायचं?"

"सकाळी त्यांची बटणं कोण लावायचं वाटतं तुला?"

तेव्हा मला ते लोटलेलं दार आठवलं. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी? तुला सांगितलं, आणि मला नाही?"

"मला कुठं सांगितलं? मला दिसलं. माझ्या बापाचं असंच झालं होतं." मग म्हणाला, "मी म्हटलं त्यांना, पोराला सांगून टाका. तर म्हणाले, त्याला कळलं तर तो दोरावर बसून माझ्याकडे बघत राहील, स्वतःच्या दोराकडे बघणार नाही. थंडी संपली की आपण होऊन जाणार होते ते. तोवर तू माझ्याबरोबर रुळावास, एवढंच त्यांना हवं होतं. माझी दोनदा परीक्षा घेतली त्यांनी, तुला माझ्या हातात द्यायच्या आधी. मुलगी द्यायची असल्यासारखी."

मी काच पुसत राहिलो. पुसलेलीच.

"मॅडमना कोणी सांगितलं ते एकदा कळू दे मला," लंबू म्हणाला.

आत एक बाई टेबलाशी बसून काहीतरी खात होती. तिनं आमच्याकडे बघून पडदा ओढला.

मी त्याला काही सांगितलं नाही.

तारीख ३०, शनिवार

उस्ताद गेले. मी तिथं नव्हतो. सुपरवायझरनं लांब पाठवलं नव्हतं, मीच लांबच्या इमारतीवर काम मागून घेतलं. परत आलो तेव्हा त्यांची कॉट रिकामी. गादीसुद्धा गुंडाळलेली. आचारी म्हणाला, "तुझी वाट बघत होते रे गाडी येईपर्यंत." मग म्हणाला, "जेव." आज इनसिक्युरिटी म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे मॅडमचंही. मी म्हटलं, शिवी दे. म्हणाली, "मला कशाला सांगतोस? त्यांना सांग."

तू म्हणाली. पण आवाज रागाचा नव्हता. त्यामुळं जास्त लागलं.

तारीख ३, बुधवार

नवा महिना लागला, तरी काहीच लिहिलं नाही. फोन हातात घेतो आणि ठेवतो. काय बोलायचं ते पाठ केलं आहे. दोरावर मोठ्यानं म्हणूनही बघितलं. लंबूला वाटलं गाणं म्हणतोय.

मॅडम म्हणाल्या होत्या, काहीतरी कोणीतरी नेणार असं वाटत राहतं. नेणारा कोण ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या बाबतीत दर वेळी मीच असतो. हे मला नीट लिहिता येत नाही. कधी वाटतं कळलं, परत निसटतं. एक मात्र कळतं, की सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. सांगून टाकलं की मोकळा होईन.

तारीख ७, रविवार

आज फोन केला. दुपारी, जेवणं झाली असतील अशा बेतानं.

काकूंनी उचलला. मी कोण ते सांगितलं तर आनंदानं म्हणाल्या, "अहो, तुमचं नाव रोज असतं ह्यांच्या तोंडात! बघा, आले एकदाचे घरी. आपण होऊन सोडून आले. म्हणाले, पुष्कळ झालं, आता पोरांनी करावं. मी तर किती वर्षं म्हणत होते." मी हो हो म्हणालो. खरं तर ऐकतच नव्हतो. माझं पाठ केलेलं पुसलं जाईल याची भीती होती. काकू म्हणाल्या, "थांबा, देते."

मग उस्तादांचा आवाज आला. "बोल रे." आवाज घुमत होता, मोठ्या भांड्यातून आल्यासारखा. मागे ताटं वाजत होती. मी लक्ष दिलं नाही. मी सुरू केलं ते एका दमात.

"उस्ताद, मॅडमना मी सांगितलं होतं. मला वाटलं लंबू काहीतरी करतोय. मला वाटलं तुम्ही मला सोडून त्याच्याकडे चाललात. माझ्यामुळं तुम्हाला सगळ्यांसमोर गाठ बांधायला लावली. हातांचं उघडं पडलं. माझ्यामुळं तुम्हाला काढून टाकलं."

ताटांचा आवाज थांबला.

काकूंचा आवाज आला, लांबून, घरातल्या घरात बोलतात तसा. "कोणाला काढून टाकलं?"

तेव्हा मला कळलं. फोन त्यांच्या हातात नव्हताच. कुठंतरी मधे ठेवलेला होता, स्पीकर लावून, आणि सगळं घर भोवती बसलेलं होतं.

उस्ताद शांतपणे म्हणाले, "अगं, लंबू म्हणून एक आहे आमच्यात. हात गेले त्याचे. त्याचं सांगतोय हा."

"अरे देवा! तरणा असेल ना?"

"तरणा कसला." मग मला म्हणाले, "हं. लंबूचं काय म्हणत होतास?"

पाठ केलेलं सगळं संपलं होतं. म्हटलं, "लंबूला... त्याला सांगायचं होतं, की मी मुद्दाम केलं नाही."

"माहीत आहे त्याला."

"त्याला माझा राग आलाय का?"

पलीकडे कोणीतरी नळ सोडला, बंद केला.

"आलाय," ते म्हणाले. "येणारच की. जाईल हळूहळू. तू मात्र गेला का, गेला का, असं परत परत विचारायला जाऊ नकोस त्याला."

"बरं."

"काम नीट कर."

"हो."

काकू म्हणाल्या, "बिचारा. अहो, त्याच्या बायकोला काय वाटत असेल?"

"तिला अजून सांगितलं नाही त्यानं," उस्ताद म्हणाले. आणि मग कोणाला तरी, "तो फोन बंद कर गं जरा."